मामंजींच्या ट्रॅक्टरचे दिवे

आमच्या मामंजींनी उभ्या आयुष्यात एकच यंत्र विकत घेतलं, आणि ते बैलगाडीतून घरी आलं. पुढे दोन बैल, गाडीवर ट्रॅक्टर, आणि ट्रॅक्टरच्या बाजूला छत्री धरून उभे मामंजी. पाऊस नव्हता. ऊनही फारसं नव्हतं. छत्री ट्रॅक्टरवर धरली होती.

मामंजी म्हणजे माझे सासरे. कुंभकोणात मोठ्या तळ्यामागच्या गल्लीत आमचं लांबट घर होतं. पुढे तिण्णै, म्हणजे बसायचा ओटा, मग मोठी खोली, मग स्वयंपाकघर, विहीर, आणि अगदी मागे गोठा. घरात मराठी बोलायची, उंबऱ्याबाहेर पाय पडला की तमिळ. गोठ्यात एक गाय होती. ट्रॅक्टर आला त्या दिवशी ती इन्नंबूरला आमच्या कुळाकडे पाठवली. तिथे आमची थोडी भातशेती आणि केळीची बाग होती, ती तो कसायचा. तेव्हापासून आम्ही दूध विकत घेऊ लागलो आणि मामंजी कॉफी पातळ झाल्याची तक्रार करू लागले.

हा हल्लीसारखा धिप्पाड ट्रॅक्टर नव्हे. बागेत फिरवायचा, म्हशीच्या रेडकाएवढा. डोंगरावरच्या कॉफीच्या मळ्यातून कोणी गोरा साहेब देश सोडून जाताना टाकून गेलेला, तेव्हाच म्हातारा झालेला. मामंजींच्या आधी तो दोन माणसांकडे होता, आणि दोघांनीही शहाणपणा करून तो पुढे ढकलला होता. इंजिनाला बोट जाईल एवढा तडा. पुढचा एक दिवा फुटका, दुसरा नव्हताच. स्टेअरिंगखालच्या पत्र्याच्या पाटीवर तीन बटणं, तिन्ही मेलेली. वायरी उंदरांनी खाल्लेल्या.

मामंजींनी तडा बघितला, "हं" म्हटलं आणि दिव्यांकडे वळले. पुढची पाच-सहा वर्षं ते दिव्यांकडेच होते.

मी नवी सून होते. भीत भीत विचारलं, "मामंजी, हा चालतो का?"

"चालेल की. इंजिन काय, कोणीही सोम्यागोम्या दुरुस्त करील. दिव्याला अक्कल लागते."

मामंजी मॅट्रिक झालेले. रेल्वेत तीस वर्षं तारमास्तर होते, त्यामुळे वायर आणि बॅटरी या दोन गोष्टी आपल्याला ठाऊक आहेत असं ते मानत. बाकीच्या गोष्टी जगात आहेत हे त्यांना ऐकून माहीत होतं. उंच, बारीक, अंगात सदरा नाही, कानावर स्क्रूड्रायव्हर. झोपतानाही तो कानावरच असायचा. कमरेच्या वेष्टीला, म्हणजे धोतराला, बॅटरीच्या ॲसिडने भोकं पडलेली. घरात एक वेष्टी धड नव्हती. कोणाकडे मुंजीला जायचं झालं की भोकं मागच्या बाजूला येतील अशी ते ती नेसत, आणि मग दिवसभर भिंतीला पाठ लावून बसत.

जेवायला बसले आणि वाढायला उशीर झाला की पानाशेजारी बोटाने टकटक वाजवत. तारेची लिपी. घरात ती कोणालाच येत नव्हती. म्हणून ते भात मागत होते की शिव्या देत होते, ते मला आजही ठाऊक नाही.

ट्रॅक्टरच्या पहिल्या बटणाच्या जागी त्यांनी घरातलं बटण बसवलं. मोठ्या खोलीच्या दिव्याचं, पांढऱ्या चिनी मातीचं, काळ्या खुंटीचं. ते काढून नेलं ते सरळ गोठ्यात. खोलीतला दिवा लावायचा तर वायरीची दोन टोकं एकमेकांना भिडवावी लागत. हे काम आमच्या ह्यांच्याकडे आलं. हे शाळेत गणित शिकवत, वडिलांपुढे तोंड उघडत नसत. रोज संध्याकाळी वाळत घालायच्या काठीने ती टोकं भिडवत आणि उजेड पडला की देवाला नमस्कार करत. देवाला कशाबद्दल, ते मी विचारलं नाही.

मग ते चिनी मातीचं बटण मामंजींच्या मनातून उतरलं. त्या जागी एका बंद पडलेल्या रेडिओचं बटण आलं. ते फिरवायचं होतं, दाबायचं नव्हतं, म्हणून तेही गेलं. शेवटी गावातल्या भांडी करणाऱ्या कासाराकडून पितळी बटण घडवून घेतलं. ते आमटीच्या डावाएवढं झालं. कासाराचा दोष नाही. त्याला मामंजींनी मोठं, दणकट, पिढ्यानपिढ्या टिकणारं सांगितलं होतं. काढलेली बटणं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात जात. फेकायची नाहीत. "ती निवृत्त झाली आहेत," मामंजी म्हणत, "मेली नाहीत."

बॅटरी दर पंधरवड्याला भरून आणावी लागे, कारण इंजिन चालत नव्हतं आणि बॅटरी भरायचं काम इंजिनाचं. बॅटरी बसथांब्याजवळच्या दुकानात जटक्यातून, म्हणजे टांग्यातून, जाई. तिच्याखाली उशी घालत. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, गुडघे धरून देवळात चालत जात. एकदा जटका त्यांच्या शेजारून गेला. आत बॅटरी होती, मामंजी होते आणि एक जागा रिकामी होती. मामंजींनी हात जोडले. देवळाकडे.

दिव्यांचं तर विचारू नका. लॉरीचे जुने दिवे आणले, ते "तोंडवळ्याला शोभत नाहीत" म्हणून परत केले. मग मामंजी स्वामीमलैला मूर्ती ओतणाऱ्या एका कारागिराकडे गेले. हे मी ह्यांच्याकडून ऐकलं, हे बरोबर होते.

कारागीर म्हणाला, "सामी, मी देव ओततो. मोटारीचं सामान नाही."

"देवाच्या मागे प्रभावळ ओतता ना?"

"ओततो."

"तेच करा. फक्त देवाच्या जागी बल्ब."

तो बिचारा मेणाचा साचा करून, माती लेपून, धातू ओतून दोन महिन्यांनी सहा दिवे घेऊन आला. एकेका दिव्याला कमळाच्या सोळा पाकळ्या, आणि वर देवळाच्या खांबांवर असतं तसं व्याळाचं तोंड, दात विचकलेलं. वजन असं, की पहिला बसवल्याबरोबर मडगार्डचा पत्रा वाकून खाली आला. मग दोन्ही बाजूंना बांबूचे टेकू आले. दिवा लावला की पाकळ्यांच्या सावल्या पुढे जमिनीवर पडत, आणि उजेड जायचा तो वर, गोठ्याच्या कौलांवर. कौलं मात्र छान दिसत. शेजारची एक म्हातारी विरजण मागायला आली, तिने त्या दिव्यांना पाहून चप्पल बाहेर काढली आणि ट्रॅक्टरला प्रदक्षिणा घातली. मामंजींनी तिला अडवलं नाही.

आयुधपूजेला घराघरातली हत्यारं, यंत्रं धुऊन त्यांना चंदन-कुंकू लावतात. आत्याबाईंनी भक्तीने ट्रॅक्टरच्या एकेका बटणाला चंदनाचा ओला गोळा लावला. त्यांना नीट दिसत नव्हतं, म्हणून जरा सढळ हाताने लावला. चंदन फटीतून आत गेलं, वाळलं, आणि एकही बटण हलेना. मामंजी दिवाळीपर्यंत माझ्या केसांतल्या पिना घेऊन ते कोरत बसले. पिना परत मिळाल्या नाहीत.

त्यांना हे सगळं कोणाला तरी दाखवायचं होतं. गल्लीने बघून झालं होतं. म्हणून पुन्हा बैलगाडी बोलावली आणि ट्रॅक्टर इन्नंबूरला नेला, आपल्या कुळाला आणि आजूबाजूच्या शेतकऱ्यांना दाखवायला. मी आणि आत्याबाईही गेलो, डबे सांभाळायला. भर दुपारी बारा वाजता, भाताच्या बांधावर, उन्हात. मामंजींनी पितळी बटण दाबलं. सहाही दिवे लागले. एकही दिसला नाही.

शेतकरी बघत राहिले. मामंजींनी छत्री उघडली, दिव्यावर धरली आणि म्हणाले, "एकेकाने या, डोकं आत घाला."

एकेकाने डोकं घातलं. मोठी माणसं, चिखलाने भरलेल्या पायांची, रांग लावून छत्रीत डोकं घालत होती आणि बाहेर काढून मान डोलावत होती. आमच्या कुळाची पाळी आली. त्याने डोकं घातलं, काढलं, ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली आणि तमिळमध्ये विचारलं, "सामी, हा नांगरतो कधी?"

"त्याला वेळ आहे."

"या चिखलात उतरला तर कमरेपर्यंत जाईल."

"गेला तर?" मामंजी म्हणाले, "दिवे वर राहतील."

कुळाने आमच्याकडे बघितलं. मी डब्यांकडे बघितलं.

इथपर्यंत सांगितलं की लोक हसतात. मीही हसते. पण त्या घरात मला एक गोष्ट हवी होती, आणि ती मिळत नव्हती. मला स्वयंपाकघरात दिवा हवा होता.

गावात वीज येऊन बरीच वर्षं झाली होती. मोठ्या खोलीत दोन दिवे होते, तिण्णैवर एक. स्वयंपाकघरात नव्हता, कारण मडी. मडी म्हणजे सोवळं. आंघोळ करून, ओल्या वस्त्राने किंवा उंच काठीवर वेगळ्या वाळवलेल्या वस्त्राने, कोणाला न शिवता आत जायचं आणि रांधायचं. असा वायरमन गावात कुठून मिळणार? आत्याबाईंचं एकच म्हणणं होतं, "वायर आली म्हणजे वायरमन आला, आणि वायरमन आला म्हणजे माझी चूल बाटली."

त्या स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. छपरात धूर जायला एक भोक. दुपारी बारालाही मी तांदूळ बोटांनी निवडत असे, डोळ्यांनी नाही. आत्याबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यांना उजेड काय आणि अंधार काय, सारखाच. रांधायचं मी, आणि भातात खडा लागला की ऐकायचंही मी. तेलाची चिमणी होती. ती चुलीच्या धुरात एवढीशी होऊन बसे, आणि मी जिकडे ठेवीन तिकडे मला नको ते दाखवी.

वायरीचं काम येणारा, घरचा, आंघोळ केलेला असा एक माणूस होता. तो गोठ्यात होता.

पोंगलच्या सुमाराची गोष्ट. माझी मुलगी तेव्हा रांगत होती. मी भाताची पेज काढायला पातेलं उचललं, वळले, आणि पायाशी काहीतरी मऊ लागलं. ती होती. तिच्यावर जाऊ नये म्हणून मी पातेलं आपल्याकडे ओढलं आणि उकळती पेज माझ्या उजव्या पायावर आली. मी ओरडले. मुलगी रडली. मामंजी धावत दारापर्यंत आले. दाराबाहेर त्यांनी ट्रॅक्टरची नवी वायर उलगडून ठेवली होती.

"काय सांडलं?"

"पेज."

"वायरवर नाही ना?"

पायाला फोड आले ते बरे झाले. हे वाक्य बरं झालं नाही. त्याच संध्याकाळी मी पायाला केळीचं पान बांधून, लंगडत गोठ्यात गेले. सून सासऱ्यासमोर अशी जाऊन उभी राहत नाही. मी राहिले.

"मामंजी, या ट्रॅक्टरला सहा दिवे आहेत. तो रात्री कुठे जात नाही. दिवसाही जात नाही. त्यातला एक मला द्या."

त्यांनी चष्मा वर केला. "सूनबाई, दिवा नसला तर तो ट्रॅक्टर कसला?"

"आणि स्वयंपाकघराला नसला तर?"

"स्वयंपाकघर चाललंय की. तू रांधतेस, आम्ही जेवतो."

"उद्यापासून संध्याकाळी रांधणार नाही. सकाळी उजेड असतो थोडा, तेव्हा दोन्ही वेळचं करून ठेवीन. दिवा लागेपर्यंत रात्री गार भात आणि ताक."

"हे तू कोणाला सांगतेस?"

"तुम्हालाच. इथे दुसरं कोण आहे?"

मामंजींना रात्री कढत रसम लागत असे. ते नसलं तर त्यांना झोप येत नसे. पहिल्या दिवशी ताक-भात मुकाट्याने जेवले. दुसऱ्या दिवशी पानाशेजारी टकटक झाली. तिसऱ्या दिवशी जास्त झाली. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी ह्यांच्याकडे बघितलं, आणि हे पुन्हा पानाकडे बघू लागले. पाचव्या दिवशी मामंजी हात धुताना विहिरीला म्हणाले, "ठीक आहे. एक दिवा लावून टाकू."

आत्याबाई उठून बसल्या. "लावायचा तर तुम्हीच लावायचा. आणि मडीने. विहिरीवर न्हाऊन, ओल्या पंचाने."

"ओल्या पंचाने वीज?" मामंजी म्हणाले.

"मग नक्को."

आता कोणीही शहाणा माणूस इथे थांबला असता. पण मामंजींनी तीस वर्षं तारा हाताळल्या होत्या, आणि त्या तारांनी त्यांना कधी काही केलं नव्हतं. त्या बॅटरीच्या होत्या. गावची वीज वेगळी असते, हे त्यांनी दुसऱ्यांना अनेकदा समजावून सांगितलं होतं. सकाळी ते न्हाले, पाणी ठिबकणारा पंचा नेसून आले, ओल्या जमिनीवर पाट ठेवून त्यावर उभे राहिले आणि मोठ्या खोलीतून ओढलेल्या वायरीला हात घातला.

आवाज काहीच झाला नाही. मामंजी मागे उडाले आणि इडलीच्या पिठाच्या पातेल्यात बसले.

मी धावले, ह्यांनी काठीने वायर दूर केली. मामंजी डोळे मोठे करून बघत होते. जिवंत होते. आत्याबाई दारातून ओरडल्या, "काय झालं गे? पीठ पडलं का?"

"पीठ नाही पडलं. मामंजी पिठात पडले."

त्या म्हणाल्या, "मडीत होते ना?"

"होते."

"मग पीठ बाटलं नाही."

दुसऱ्या दिवशी त्याच पिठाच्या इडल्या झाल्या. घरात सगळ्यांनी खाल्ल्या. मी उपास सांगितला.

मामंजी दोन दिवस पडून होते. तिसऱ्या दिवशी उठले ते निकाल घेऊनच. "गावची वीज परक्याची. तिला माणूस कळत नाही. माझ्या बॅटरीची वीज घरची." आणि गोठ्यातून, विहिरीच्या कडेने, कौलांखालून त्यांनी वायर आणली, पुन्हा ओल्या पंचाने आत आले, आणि चुलीच्या वर मोटारीचा एक लहान बल्ब टांगला. यावेळी काही झालं नाही. त्या बॅटरीचा जोरच तेवढा. पिवळट, लिंबाएवढा उजेड पडला. मला तांदळातला खडा दिसला. मी तो उचलून हातावर घेऊन बघत बसले.

मग मी विचारलं, "बटण कुठे आहे?"

"ट्रॅक्टरवर."

"दिवा इथे आणि बटण तिथे?"

"एका बॅटरीचा एकच मालक असतो, सूनबाई."

असं ते झालं. रोज दिवेलागणीला मी स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून ओरडायचं, "मामंजी, दिवा!" ते गोठ्यात ट्रॅक्टरच्या बैठकीवर बसलेले असत, गाडी चालवतोय अशा थाटात.

"काय करायचंय?"

"रसम."

"रसमाला काय बघायचं असतं?"

"मामंजी, दिवा!"

मग ते पितळी बटण खाली येई. आपल्या मनाने आमचा स्वयंपाक झाला असं त्यांना वाटलं की ते वर जाई. कढईत तेल असो, हातात काही असो, अंधार. शनिवारी ते मरुदानल्लूरला भजनाला जात, तेव्हा दिवा नाहीच. ट्रॅक्टरला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, हा नियम. बॅटरी उतरते म्हणे. शेजारच्या बायकांनी माझ्या ओरडण्याची नक्कल सुरू केली. गल्लीतून जाताना कोणीतरी हळूच "मामंजी, दिवा" म्हणायचं आणि खिदळायचं. मी त्यांना दोष देत नाही. मीही दिला असता आवाज.

तीन-चार महिने मी ते काढले. मुलगी चालायला लागली होती. एक दिवस मी विळीवर भोपळा चिरत बसले होते. दिवा होता, म्हणून तिला जवळ बसू दिलं होतं. आणि दिवा गेला. मी जागच्या जागी थांबले. मला काही दिसत नव्हतं. मग तिच्या बांगडीचा आवाज आला, अगदी पात्यापाशी, पलीकडून. मी आवाजाच्या दिशेने हात टाकला आणि तिचं मनगट धरलं. पात्यापासून चार बोटांवर होतं.

मी ओरडले नाही. मुलीला उचललं, चुलीतली लाकडं बाहेर ओढली आणि मोठ्या खोलीत जाऊन बसले. त्या रात्री ताक-भात झाला. कोणी का म्हणून विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर मामंजी मोठ्या खोलीत घोरत पडले. मी त्यांच्या कानावरचा स्क्रूड्रायव्हर काढला. गोठ्यात जाऊन बिस्किटाच्या डब्यातून चिनी मातीचं बटण घेतलं. ट्रॅक्टरच्या पत्र्याच्या पाटीखाली डोकं घातलं. पाच वर्षं त्यांना तिथे डोकं घालताना बघत आले होते, कुठे काय आहे ते मला पाठ होतं. माझ्या दिव्याची वायर पितळी बटणाला येत होती आणि तिथून पुढे जात होती. ती दोन्ही टोकं सोडवली, एकमेकांना पीळ घालून जोडली. विहिरीपलीकडे स्वयंपाकघरातून उजेड आला. म्हणजे बरोबर होतं.

मग बटण आणि स्क्रूड्रायव्हर विहिरीवर धुतले आणि मीही डोक्यावरून पाणी घेतलं.

आत्याबाई जाग्या होत्या. "आत्ता भर दुपारी कसली आंघोळ गे?"

"मडीचं काम आहे."

"कसलं?"

"दिव्याचं."

मी ओल्या लुगड्याने आत गेले. वायर चुलीजवळ विळीने कापली, तिची दोन टोकं बटणाच्या दोन स्क्रूंखाली धरली, आवळली. वीज मला काही करत नव्हती. बटण दाराच्या चौकटीला लावत होते तेव्हा आत्याबाईंचा आवाज आला, "जरा खाली लाव. माझा हात वर जात नाही."

मी खाली लावलं.

दिवेलागणीला मी ओरडले नाही. बटण खाली केलं आणि रसमाला चिंच कोळायला बसले. गोठ्यात मामंजी वाट बघत असावेत. मग पितळी बटणाचा खट् आवाज आला. पुन्हा आला. पाच-सहा वेळा आला. मग पावलं, आणि मामंजी दारात.

उंबऱ्यापाशी ते थांबले. दुपारी झोपून उठलेला माणूस, अंगावर गोठ्यातली वेष्टी. आत येता येत नव्हतं. त्यांनी दिव्याकडे बघितलं, चौकटीकडे बघितलं.

"हे कोणी केलं?"

"मी."

"तू पाचवी शिकलेली."

"पाचवीपर्यंतच लागलं."

"जोड दाखव."

"तिथून दिसतोय तेवढा बघा."

त्यांनी मान पुढे काढली. पाय उंबऱ्याबाहेर, मान आत. "पीळ सैल आहे."

"दिवा लागला आहे."

"वर पट्टी काय गुंडाळलीस?"

"तुमच्या वेष्टीची चिंधी. धुतलेली."

आत्याबाई भिंतीशी माळ ओढत बसल्या होत्या. त्यांना इकडे बघावं तिकडे बघावं असं काही नव्हतं. त्या म्हणाल्या, "मी खाली लावायला सांगितलं. काय बोलायचं ते मज बोला."

मामंजींनी मान बाहेर काढली. बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं आता ओरडतील, ह्यांना बोलावतील, वायर तोडायला सांगतील. मी चिंच कोळणं थांबवलं नाही, पण कान तिकडेच होते. ह्यांना बोलावलंच तर हे काय करतील ते मला ठाऊक होतं, आणि मग मी काय करणार ते मीही ठरवून ठेवलं होतं. मुलीचे कपडे बोचक्यात बांधून दाराशी ठेवलेले होते.

मग मामंजी म्हणाले, "एकदा मला लावू दे."

"न्हाऊन या."

"आत्ता? गार झालंय."

"मग उद्या सकाळी."

ते गेले. विहिरीवर रहाट करकरला. एक बादली, दुसरी बादली. दात वाजवत, ओला पंचा धरून ते आत आले, चौकटीपाशी वाकले आणि बटण वर केलं. अंधार झाला. खाली केलं. उजेड आला. पुन्हा वर केलं, पुन्हा खाली केलं. मग दिव्याखाली येऊन मान वर करून उभे राहिले. अंगावरून पाणी गळत होतं, चुलीसमोर त्यांची मोठी सावली पडली होती आणि माझं पातेलं त्या सावलीत होतं.

"मामंजी," मी म्हटलं, "सरका. उजेड अडवताय तुम्ही."

ते सरकले.